उजव्या कानात

पिनलच्या या वृद्धाश्रमात रात्रपाळीला मी एकटीच.
अकरा म्हातारे, एक करकरणारा पंखा,
आणि सात नंबरच्या खाटेवर माझे गुरू.

त्यांना हे माहीत नाही.
मला ते नर्स म्हणतात.
परवा त्यांच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली,
मी ओ दिली.

मी अकरा वर्षांची होते.
याच पंडित बलगोबिननं माझ्या डोक्यावरून पिवळं धोतर ओढलं
आणि आतल्या अंधारात, हळदीच्या नि तंबाखूच्या वासात,
माझ्या उजव्या कानात सात अक्षरं सोडली.
त्यांच्या आज्यानं ती बोटीतून आणलेली, कलकत्त्याहून,
गाठोड्यात ठेवायला दुसरं काही नव्हतं म्हणून
तोंडात.
अंगणात नव्या बांबूवर लाल झेंडा फडफडत होता,
आई दालपुरी लाटत होती.
"कुणाला सांगू नकोस. आईलासुद्धा.
सांगितलंस की मडकं फुटलं."

नाही सांगितलं.
नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर गेला तेव्हा नाही,
त्याच्या जागी पत्र आलं तेव्हाही नाही.
लेक आता चर्चला जाते. तिनं एकदा विचारलं होतं.

तेव्हा तोडणीआधी ऊस पेटवायचे.
रात्री फडच्या फड जळत,
आणि सकाळी वाळत घातलेल्या चादरींवर काळी राख उतरे.
"बस इथं," म्हणायचे. "अंगावर पडेल. झटकू नकोस.
श्वास आत जातो तो बघ, बाहेर येतो तो बघ,
राख पडते तीही बघ.
खाज सुटली तर तिलाही आसन दे."
मला हसू यायचं. मग त्यांनाही.
बसणं तेवढं शिकले. पुढचं काही जमलं नाही.

समाधी बिमाधी नाही.
चाळीस वर्षं, पाळीआधी, चादरींच्या खोलीत
फडताळाला पाठ टेकून.
कधी डुलकी, कधी उधारीचा हिशोब.
एकदा मात्र...
जाऊ दे. ते बोलायचं नसतं.

साखर कारखाना बंद पडला तसा
चादरी पांढऱ्या राहू लागल्या.
लोकांना बरं वाटलं.
मला झटकायला काही उरलं नाही.

काल पहाटे तीनला ते उठून बसले.
अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता
आणि ओठ कोरडे.
पेर, पेर, पेर, पुन्हा पहिलं पेर,
जातं फिरतंय आणि वैरण नाही.
"मी काहीतरी म्हणायचो," म्हणाले,
"छोटंसं होतं. इथंच ठेवलं होतं."
उशी उचलून बघितली.
वाकून चपलांत बघितलं.
मग माझ्याकडे:
"तू घेतलंस?"

हो, बाबा. मीच घेतलं.

पण हे मनात.
मग नऊ नंबरचं पांघरूण बदललं, गोळ्या मोजल्या,
पुन्हा मोजल्या.
ज्यानं दिलं त्यालाच देणं, हे सांगणं होतं का?
विचारायचं कुणाला?
ज्याला विचारावं तोच चपलांत शोधतोय.

साडेचारला धुतलेली चादर आणली
आणि दोघांच्या डोक्यांवरून ओढली.
आत डेटॉलचा वास.
उजवा कान त्यांचा केव्हाच गेलाय,
म्हणून डाव्यात.
सात अक्षरं. हळू.
काही झालं नाही.
परत एकदा.

अंगठा थांबला.
"तिसरं लांबव," चादरीतून आवाज आला,
ऊस जळत होते तेव्हाचा.
"घाई करतेस, सुमिंतरा. पहिल्यापासून."

मी चादर काढली.
त्यांनी कूस बदलली, गुडघे पोटाशी घेतले.
"दिवा मालव, नर्स."

मालवला.
पाळी सुटायला अजून दीड तास होता.